दहावी झाली, वकील व्हायचंय : अकरावीला कोणते विषय घेऊ?

बागाईतदाराची लेक, तासगाव तालुका

नमस्कार. यंदा दहावीला ८७.४० टक्के पडले, सेमी इंग्रजीतून. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचाय, पसंतीक्रम द्यायचे दिवस जवळ आलेत आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी हाच विषय. मला वकील व्हायचंय. पप्पांचं म्हणणं, मार्क आहेत तर सायन्स घे, पुढं कुठंही जाता येतं. चुलते म्हणतात, एवढे मार्क पाडून आर्ट्सला जायचं म्हणजे मार्क मातीत घालायचे. आई यात पडत नाही, पण परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "जे वाचताना तुला झोप येत नाही ते घे."

वकीलच का, ते सांगते. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या बागेतली द्राक्षं एका व्यापाऱ्याला दिली. त्यानं ४ लाख ६० हजारांचा चेक दिला, तारीख १२ मार्च. पप्पांनी १८ ला बँकेत भरला, २० ला परत आला, मेमोवर कारण लिहिलेलं की खात्यात रक्कम अपुरी. फोन केला की व्यापारी म्हणायचा, आठ दिवसांत देतो. असे आठ-आठ दिवस करत जून उजाडला. २५ जूनला पप्पा तालुक्याच्या वकिलांकडं गेले, शाळा सुटल्यावर मीही बरोबर गेले. वकीलसाहेबांनी मेमो हातात घेतला, तारीख बघितली आणि म्हणाले, चेक परत आल्याची फौजदारी केस करायची तर व्यापाऱ्याला नोटीस मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत जायला पाहिजे होती. चेक पुन्हा भरून बघता आला असता, पण चेक तीन महिनेच चालतो, तेही संपून बारा-तेरा दिवस झाले होते.

त्या रात्री मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर २० मार्चपासून तीस घरं मोजली. १९ एप्रिल आला. त्या चौकटीत आईच्या अक्षरात "गॅस टाकी" एवढंच लिहिलेलं होतं. आमच्या घरात एकालाही ही ३० दिवसांची गोष्ट माहीत असती तर पप्पांनी त्या माणसाच्या दारात इतके हेलपाटे घातले नसते.

तर विचारायचं असं, की कायद्याला कोणती शाखा चालते? राज्यशास्त्र-इतिहास घेतलंच पाहिजे का? गणित सोडलं तर पुढं अडतं का? इंग्रजी मी वाचते, समजतं, बोलताना मात्र अडखळते. आणि बारावीनंतर लगेच पाच वर्षांचं करावं की आधी पदवी घ्यावी? घरात सांगायला मला पक्कं उत्तर पाहिजे.

बीए एलएलबी, दुसरं वर्ष, सांगली

मी सायन्सवाली. बारावीनंतर इकडं आले, त्यामुळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. शाखेची अट नाही. आमच्या वर्गात तिन्ही शाखांची मुलं आहेत. बारावीला खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. तेवढे असले की सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या, मार्कांवर नंबर लागतो, बारावीला ९२ आहेत म्हणून कुणी पुढं जात नाही.

सीईटीला सध्या १२० प्रश्न असतात, वेळ दोन तास, चुकलं तर मार्क कापत नाहीत आणि पेपर मराठीतूनही देता येतो. कायद्याची समज, चालू घडामोडी, तर्क, इंग्रजी आणि अगदी थोडं गणित. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं डोक्यात असतील तर त्यांची क्लॅट ही प्रवेशपरीक्षा वेगळी. ती डिसेंबरात होते, सगळी इंग्रजीत, लांब उतारे वाचून उत्तरं द्यायची, आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो.

सायन्स घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण खरं सांगते, ती दोन वर्षं क्लास, प्रॅक्टिकल आणि जर्नलमध्ये गेली. सीईटीचा अभ्यास मी बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर सुरू केला. सायन्स कुणी घ्यावं तर ज्याला खरंच त्यात गोडी आहे त्यानं. पेटंट एजंट व्हायचं असेल तर विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवीच लागते, तिथं दुसरा मार्ग नाही. पण तू लिहिलंयस त्यात मला पेटंट दिसत नाही, मला चेकचा मेमो दिसतोय.

दिवाणी वकील, सांगली

बाळ, विषयांकडं येते, आधी तुमच्या चेकचं बोलू.

फौजदारी केसची मुदत गेली म्हणजे पैसे गेले असं पप्पांना वाटत असेल तर तो समज आजच काढून टाक. वसुलीचा दिवाणी दावा करता येतो. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि मालाच्या पैशांत ती बहुतेक वेळा माल दिल्याच्या दिवसापासून मोजतात, चेक परत आल्याच्या दिवसापासून नव्हे. गेल्या मार्चचा माल म्हणजे अजून वेळ आहे, पण बसून राहण्याइतका नाही. मूळ चेक, मेमो, वजनाच्या पावत्या, तोडीची वही असेल तर ती, व्यापाऱ्याचे मोबाईलवरचे मेसेज, सगळं एका पिशवीत घाला आणि त्याच वकीलसाहेबांकडं पुन्हा जा. मेसेज पुसू नका. त्यात कुठं "देतो" असं लिहिलेलं असेल तर तो शब्द मोलाचा आहे.

आता विषय. मी एकोणीस वर्षं सांगलीत वकिली करते. वाटपाचे दावे, रस्त्यांची भांडणं, मोटार अपघाताची भरपाई. मीही मार्क पडले म्हणून सायन्सला गेले, मिरजेला. मग बी.एस्सी., मग तीन वर्षांचं एलएलबी. माझ्या काळात घरच्यांना विचारायची सोय नव्हती, तू विचारतेयस याचं मला फार बरं वाटलं. सायन्सनं माझं वाटोळं केलं असं म्हणणार नाही. पण अकरावीपासून पदवीपर्यंतच्या पाच वर्षांत मी अर्ध्या पानाहून मोठं काही स्वतःच्या शब्दांत लिहिलं नाही. आकृती काढल्या, समीकरणं सोडवली, व्याख्या पाठ केल्या. त्याचा फटका कोर्टात बसला.

वकिलीच्या पहिल्याच वर्षी जत तालुक्यातल्या एक आजी आल्या. शेजाऱ्यानं शेताचं प्रकरण केलेलं. त्यांचं सगळं ऐकून मी दाव्याचा मसुदा केला आणि त्यात लिहिलं, "प्रतिवादीने वादीस सदरहू मिळकतीतून बेदखल केले." शब्द भारदस्त वाटला, कोर्टाच्या भाषेतला वाटला, म्हणून लिहिला. सीनियरांनी मसुदा वाचला, पेन खाली ठेवलं आणि आजींना विचारलं, "आजी, शेत सध्या कोण कसतंय?" आजी म्हणाल्या, "मीच की. ज्वारी हाय त्यात." "मग काय झालंय?" "बांधावरनं गाडीवाट हाय, तिथं काट्या टाकल्यात. बैलगाडी जाईना."

बेदखल म्हणजे ताबा गेला. आजींचा ताबा जागेवर होता, वाट अडवली होती. अडवलेल्या वाटेसाठी मामलेदार कोर्ट कायदा आहे, १९०६ चा, तहसीलदारांकडं जायचं, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ताबा गेल्याचा दावा वेगळा, त्याचा पुरावा वेगळा. मी तसाच दाखल केला असता तर समोरच्या वकिलानं पहिल्याच प्रश्नात विचारलं असतं, ज्वारी कुणी पेरली? आजींनी खरं उत्तर दिलं असतं आणि दावा तिथंच बसला असता. आणि तोवर सहा महिने उलटून गेले असते. तुमच्या ३० दिवसांसारखेच.

म्हणून मी म्हणते, जे विषय तुला पानंच्या पानं वाचायला आणि स्वतःच्या भाषेत लिहायला लावतात ते घे. राज्यशास्त्र घे, कारण संविधान, संसद, राज्य-केंद्र संबंध हे तिथं पहिल्यांदा नीट भेटतं आणि बीए एलएलबीच्या सुरुवातीच्या सत्रांत पुन्हा तेच समोर येतं. अर्थशास्त्र घे. इतिहास घे, सनावळीसाठी नव्हे, तर एका घटनेची दोन कारणं दोन माणसं कशी वेगळी सांगतात ते कळायला. कोर्टात रोज तेच चालतं. आणि कॉलेजात तर्कशास्त्र असेल तर डोळे झाकून घे. "पाऊस पडला तर रस्ता ओला होतो, रस्ता ओला आहे, म्हणून पाऊस पडला" यात चूक कुठं आहे ते सोळाव्या वर्षी कळलं तर उलटतपासणीत फार उपयोगी पडतं. टँकर सांडल्यानंही रस्ता ओला होतो.

मराठी सोडू नकोस. चुलत्यांना सांग, वकिली म्हणजे नुसतं इंग्रजी नाही. तालुका आणि जिल्हा कोर्टात साक्षी मराठीत होतात, कागद मराठीत असतात. सातबारा, फेरफार, खरेदीखत, वारसनोंद, हे तुला कुणी इंग्रजीत आणून देणार नाही. पण हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, ते राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमातच आहे. आणि आता हायकोर्ट आपल्याला लांब राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतंय, सांगली-साताऱ्याचं अपील तिथं चालतं. पूर्वी पक्षकार रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायचा, आता सकाळी जेवून निघतो. तुझ्या पिढीच्या तालुक्यातल्या वकिलाला स्वतः हायकोर्टात उभं राहता येईल, पण त्यासाठी इंग्रजी लागेल. बोलताना अडखळतेस त्याची काळजी आत्ता करू नकोस. सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर बऱ्याच निकालांचे मराठी अनुवाद फुकट आहेत. आठवड्याला एक निकाल घे, मराठी आणि मूळ इंग्रजी शेजारी ठेवून दोनच पानं वाच. शब्द वहीत उतरव. मी हे तिशीत केलं, तू सोळाव्या वर्षी कर.

गणिताचं विचारलंस. शाखेचा विषय म्हणून सोडलंस तर अडणार नाही. पण दहावीपर्यंतचं गणित हातचं जाऊ देऊ नकोस. अपघाताच्या दाव्यात आम्ही काय करतो ते दाखवते. समज, ४२ वर्षांचा ट्रक चालवणारा माणूस गेला. महिन्याला १८,००० मिळवत होता, म्हणजे वर्षाला २,१६,०००. पुढं उत्पन्न वाढलं असतं म्हणून चाळिशीतल्या अशा माणसाला २५ टक्के धरतात, झाले २,७०,०००. मागं बायको, दोन मुलं, आई, म्हणजे चार जण, तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, राहिले २,०२,५००. हे किती पटीनं धरायचं तो गुणक वयावर ठरतो, त्या वयाला १४. आकडा येतो २८,३५,०००. यात नववीच्या पलीकडचं काही नाही. पण वय ४२ च्या जागी ४६ धरलं गेलं तर गुणक १३ होतो आणि त्या घराचे २,०२,५०० रुपये एका ओळीत जातात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि आधारवरची तारीख वेगळी असते, अशा वेळी हे होतं. तिथं लक्ष पाहिजे.

पाच वर्षांचं की तीन? वकीलच व्हायचं हे तुझं पक्कं दिसतंय, तर बारावीनंतर पाच वर्षांचं कर. पदवी आणि मग एलएलबी केलं तर सहा वर्षं होतात. पुढं बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मग अखिल भारतीय बार परीक्षा. न्यायाधीश व्हायचं मनात आलं तर सुप्रीम कोर्टानं मे २०२५ पासून आधी तीन वर्षं वकिली करण्याची अट परत आणली आहे, त्यामुळं तिथं वाचवलेलं वर्ष कामाला येतं. सांगली, सातारा, कोल्हापूर, तिन्हीकडं कायद्याची कॉलेजं आहेत, घर सोडून फार लांब जायला नको. पप्पांना हेही सांग.

अर्थशास्त्राचा शिक्षक, सातारा

वकीलताईंनी सगळं मनापासून लिहिलं आहे. मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो, म्हणून फॉर्मपुरतं सांगतो. पसंतीक्रम देण्याआधी त्या कॉलेजात प्रत्यक्ष जा किंवा फोन करा आणि कोणते विषय खरंच शिकवले जातात ते विचारा. पुस्तकात तर्कशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, पण शिक्षक असेल तरच वर्ग भरतो. दरवर्षी जूनअखेर माझ्यासमोर अशी मुलं बसतात ज्यांनी कॉलेज मिळवलं आणि विषय तिथं नाही.

कॉमर्सचा विचार कुणी मांडला नाही, तो मी मांडतो. पुस्तपालन, चिटणीसाची कार्यपद्धती म्हणजे मुलं ज्याला एस.पी. म्हणतात ते, आणि अर्थशास्त्र. एस.पी.त शेअर, डिबेंचर, कंपनीचा पत्रव्यवहार येतो, वाणिज्य संघटनमध्ये ग्राहक संरक्षणाचा धडा आहे. कंपनी, कर, बँक या बाजूची वकिली करायची तर हा पाया चांगला. शिवाय मुलीनं चेकची गोष्ट सांगितली आहे. व्यापाऱ्याची खातेवही वाचता येणं हा वकिलाच्या हातातला मोठा गुण आहे. तरी तिला वाचन-लेखनाची ओढ आहे हे तिच्या प्रश्नावरूनच कळतं, त्यामुळं माझाही कौल आर्ट्सला, अर्थशास्त्र धरून.

आणि चुलत्यांसाठी एक. ७ नोव्हेंबर १९०० रोजी आमच्या साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव नावाच्या मुलाचं नाव घातलं गेलं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांनी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला, लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास शिकणं म्हणजे मार्क मातीत घालणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या शाळेसमोर उभं राहावं.

बागाईतदाराची लेक, तासगाव तालुका

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाईलवरचं सगळं पप्पांना आणि काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आजींच्या गाडीवाटेपाशी काका म्हणाले, "आपल्या वरच्या रानाचं पण असंच हाय," आणि पुढं सायन्सचं नाव काढलं नाही. पप्पा उठले आणि पत्र्याच्या पेटीतून तोडीची वही काढून आणली. तारीख, किती पेट्या, वजन, दर, सगळं आहे त्यात, आणि तीन ठिकाणी व्यापाऱ्याच्या माणसाची सही आहे. मेसेज पण आहेत, दोन वेळा "पुढच्या आठवड्यात देतो" असं लिहिलंय. सोमवारी वकीलसाहेबांकडं जाणार.

सरांनी सांगितल्याप्रमाणे कॉलेजात फोन केला. तर्कशास्त्र तासगावात मी विचारलं तिथं नाही. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मराठी, इंग्रजी हे ठरलं. शेवटच्या एका जागेला भूगोल किंवा समाजशास्त्र आहे. मॅडम, यातलं कोणतं घेऊ? आणि वहीतल्या नोंदी कोर्टात चालतात का? पप्पांनीच लिहिलेल्या आहेत.

दिवाणी वकील, सांगली

वहीच्या नोंदी पुरावा म्हणून बघतात, पण नुसत्या वहीवर समोरच्याची जबाबदारी ठरत नाही, जोडीला दुसरं काही लागतं. तुमच्याकडं चेक आहे, वजनाच्या पावत्या आहेत, मेसेज आहेत आणि त्या माणसाच्या सह्या आहेत. हे सगळं मिळून चांगलं आहे. तो सही करणारा माणूस कोण, त्याचं नाव-गाव पप्पांना आठवत असेल तर आजच लिहून ठेव.

भूगोल घे. समाजशास्त्र तुला बीए एलएलबीत बहुधा भेटेलच, नकाशा मात्र तिथं कुणी शिकवत नाही. आपल्याकडच्या खरेदीखतात चतुःसीमा अशी लिहिलेली असते, "पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट." साठ वर्षांत ओढ्यानं पात्र बदललेलं असतं, गाडीवाट बुजलेली असते, आणि मोजणीचा नकाशा टेबलावर अंथरला की निम्मे वकील उत्तर दिशा शोधत बसतात. तर्कशास्त्राचं पुस्तक बालभारतीचं मिळतं, विषय नसला तरी घरी वाच. अडलं तर इथं विचार, मी उत्तर देईन.

सोमवारी जाताना वहीची झेरॉक्स काढून ने आणि मूळ वही परत घरी आण. सगळी पानं क्रमानं काढ, मधली कोरी पानंसुद्धा, नाहीतर त्या पानावर काय होतं हे समोरचा विचारतो.